आरसीसीबी पडत होता, कारण न्यूट्रल उसना होता

मेहुण्याच्या कोथरूडच्या फ्लॅटमधले दिवे-पंखे स्मार्ट करायचं काम निम्म्याच्या पुढे सरकलं. हॉल आणि दोन्ही बेडरूमचे दिवे आता होम असिस्टंटवर (स्मार्ट घर एका जागेवरून चालवायचं सॉफ्टवेअर) दिसतात, आणि जुनी बटणंही पहिल्यासारखी चालतात. ही दुसरी अट माझी नव्हे, घरातल्या ज्येष्ठांची. पण तीच बरोबर आहे. मॉड्यूल (वायफायवरून दिवा चालू-बंद करणारा छोटा रिले) बोर्डाच्या मागे, बटण जागच्या जागी.

मी हात घालण्याआधी एका वायरमनने हॉलमध्ये चार-पाच मॉड्यूल बसवून दिली होती. त्यानंतर दिव्यांचा आरसीसीबी (करंटची गळती दिसली की सप्लाय तोडणारा स्विच) अधूनमधून पडायला लागला. कधी पहाटे, कधी भर दुपारी, घरात कोणी बटणाला हात न लावता. "भाऊजी, ॲपच गंडलंय बहुतेक," असं मेहुण्याचं निदान. ॲपमुळे आरसीसीबी पडत नसतो, एवढं सांगून मी बोर्ड उघडला.

या फ्लॅटच्या डीबीत, म्हणजे मेन स्विचच्या डब्यात, दोन आरसीसीबी आहेत, दिवे-पंख्यांना एक आणि सॉकेटना एक, दोन्ही ३० मिलिअँपिअरचे. हॉलच्या बोर्डावर दिव्यांची फेज आहे, पण दिव्यांचा न्यूट्रल तिथपर्यंत आलेलाच नाही. तो वरच्या जंक्शन बॉक्समधून परस्पर दिव्यांकडे जातो. बोर्डात न्यूट्रलच्या काळ्या वायरींचा जो झुपका दिसतो तो शेजारच्या सॉकेटचा. मॉड्यूलला न्यूट्रल हवा म्हणून वायरमनने तोच जोडला. म्हणजे करंट दिव्यांच्या आरसीसीबीतून आत जातो आणि सॉकेटच्या आरसीसीबीतून परत येतो. आत किती गेला आणि परत किती आला, एवढंच तर आरसीसीबी बघतो, आणि फरक दिसला की पडतो.

मग लगेच का पडत नव्हता? मॉड्यूल स्वतःसाठी एक वॅटच्या आसपास खातं. २३० व्होल्टला हिशेब केला तर ४-५ मिलिअँपिअर, आणि असल्या चिमुकल्या पॉवर सप्लायचा पॉवर फॅक्टर वाईट असल्याने खरा करंट त्याहून जास्त. ३० चा आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअर फरकाच्या मध्ये कुठेही पडू शकतो. एका मॉड्यूलने त्याला काही फरक पडत नाही. चार-पाच झाली की तो काठावर येऊन बसतो, आणि वायरिंगची नेहमीची थोडीफार गळती त्यात मिसळली की पडतो. गंमत म्हणजे घरात एकच आरसीसीबी असता तर ही चूक कधी कळलीच नसती. आणि दिव्याचा लोडही याच न्यूट्रलवर असता तर पहिल्याच दिवशी पडला असता.

शोधायची पद्धत: मेन बंद, सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे ब्रेकर) खाली. डीबीतल्या न्यूट्रल पट्टीवरून दिव्यांच्या सर्किटचा न्यूट्रल सोडवायचा, एक लांब वायर घेऊन मल्टिमीटरने तो आणि बोर्डातला काळा यांच्यात कंटिन्युइटी (वायर सलग जोडलेली आहे का) बघायची. बीप आला नाही तर तो न्यूट्रल परक्याचा. नुसता एमसीबी पाडून हे कळत नाही, कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. उपाय कंटाळवाणा आहे: जंक्शन बॉक्सपासून बोर्डापर्यंत नवी १ स्क्वेअर एमएमची काळी वायर ओढली. पाइपात जागा होती म्हणून निभावलं.

टेस्टरवर मात्र विसंबू नका. तुटलेल्या न्यूट्रलवरही तो छान पेटतो. बेडरूममध्ये एक काळी वायर तर न्यूट्रल नव्हतीच, ती बटणाकडून दिव्याकडे जाणारी हाफ वायर (बटण दाबल्यावरच फेज येते ती) होती. लाल संपली म्हणून कोणीतरी काळी ओढलेली. ती न्यूट्रल समजून जोडली की मॉड्यूलला सप्लाय एलईडी बल्बमधून मिळतो. बल्ब लुकलुकतो, मॉड्यूल सारखं रिस्टार्ट होतं, आणि माणूस वायफायला शिव्या घालत बसतो.

टू-वे बटणांची (एकच दिवा दोन जागांवरून) जोडणी करताना एक बघा. शेली कंपनीच्या मॉड्यूलच्या एसडब्ल्यू टर्मिनलला फेज चालते, सोनऑफ मिनी या मॉड्यूलच्या एस१-एस२ ला फक्त कोरडा संपर्क (बाहेरचा सप्लाय नसलेलं नुसतं बटण) लागतो. तिथे फेज दिली की मॉड्यूल गेलंच म्हणून समजा.

पंख्यांचं सोपं आहे: रिले रेग्युलेटरच्या आधी, आणि दिव्याचा डिमर पंख्याला चुकूनही लावायचा नाही, मोटार गुणगुणते.

गीझर राहिला आहे. २ किलोवॅटचा आहे, म्हणजे जवळपास ९ अँपिअर. मॉड्यूलवर १० छापलेलं आहे म्हणून मेहुण्याला ते पुरेसं वाटतं. मला बोर्डातल्या बंद डब्यात अर्धा तास सलग ९ अँपिअर नको आहेत. डीबीजवळ कॉन्टॅक्टर (मोठा करंट पेलणारा दणकट रिले) बसवायचा आणि मॉड्यूलने फक्त त्याची कॉइल ओढायची, असा विचार आहे. कोणी २५ अँपिअरचा, आवाज कमी करणारा कॉन्टॅक्टर वापरत असेल तर मॉडेल कळवा. डीबी बेडरूमच्या भिंतीवर आहे, आणि गीझर पहाटे साडेपाचला चालू होणार.