माऊंटखालची लाल छत्री

मी बॉस्टनमध्ये एका छोट्या स्टुडिओत कागदावरची चित्रं दुरुस्त करते. गेल्या मंगळवारी मॉरिस प्रेंडरगास्ट या अमेरिकन चित्रकाराचं एक वॉटरकलर आलं, बॉस्टनजवळच्या रिव्हिअर बीचचं, 1896-97 च्या सुमाराचं. हा बीच 1896 लाच सगळ्यांसाठी खुला झाला, आणि प्रेंडरगास्ट तेव्हा नुकताच पॅरिसहून शिकून परतलेला. चित्रात नुसती गर्दी! बायकांच्या छत्र्या, खडकांवर चढणारी पोरं, वाऱ्याने फुगलेले फ्रॉक, चेहरे म्हणजे एकेक ठिपका, आणि कुठेकुठे कागद तसाच कोरा सोडलाय, तेच ऊन. पेन्सिलच्या रेघाही लपवलेल्या नाहीत. मला हा माणूस फार आवडतो.

जुना माऊंट, म्हणजे चित्राच्या कडांवर बसणारी पुठ्ठ्याची चौकट, ॲसिडमुळे पिवळा पडून कडेला तुटत होता, तो उचलला आणि मी तिथेच थांबले. उजव्या कडेला एका बाईची छत्री अर्धी माऊंटखाली गेली होती, बाहेरचा भाग फिकट, भिजून धुतल्यासारखा गुलाबी, आणि आतली बोटभर पट्टी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. म्हणजे अख्खं चित्र एकेकाळी असं पेटलेलं होतं! त्या काळचे कार्माइनसारखे लाल रंग उजेडाला टिकत नाहीत, निळे बरेच टिकतात, म्हणून समुद्र अजून आहे आणि छत्र्या विझल्यात. हे चित्र चाळीस वर्षं खिडकीसमोर टांगलेलं, मालकीणबाईंनीच सांगितलं.

त्या म्हणाल्या, थोडा लाल रंग लावता येईल का? मी नाही म्हटलं, ते माझं चित्र होईल, त्याचं नाही. मग म्हणाल्या, निदान माऊंट मोठा कापा, ती पट्टी तरी दिसेल. तेही मला जमेना हो, कारण दिसली की तीही उडणार. म्युझियममध्ये सुद्धा अशा चित्रांवर जेमतेम 50 लक्स (उजेड मोजायचं एकक) इतकाच मंद उजेड ठेवतात, आणि मधेमधे अंधारात विश्रांती देतात. बाई बराच वेळ गप्प बसल्या, डोळे भरले होते, आणि माझेही.

शेवटी पट्टीचा फोटो काढून फ्रेमच्या मागे लावायचं ठरलं. गव्हाची खळ शिजवली, अगदी आई पतंगांसाठी करायची तशीच, जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी चित्र नव्या पुठ्ठ्यावर टांगलं. वरून माऊंट ठेवायच्या आधी बाईंना जवळ बोलावलं, दोघींनी ती लाल पट्टी एकदा बघून घेतली, आणि मग मी झाकली.