मधुमेह्याचं रक्त मायक्रोस्कोपखाली वेगळं दिसतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पॅथॉलॉजिस्ट आहे म्हटल्यावर लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणी ना कुणी विचारतंच, आणि विचारणाऱ्याच्या पानात बहुतेक वेळा जिलबी असते: "शुगरवाल्याचं रक्त मायक्रोस्कोपखाली वेगळं दिसतं का हो?"

नाही दिसत. लीशमन स्टेन (रक्तपेशी नीट दिसाव्यात म्हणून लावायचा रंग) केलेली नुसती स्लाइड पुढ्यात ठेवली, तर ती मधुमेह्याची आहे हे मी काय, कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. हिवताप दिसतो, लोहाची कमतरता दिसते, तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक सिकलसेल दिसतो. मधुमेह नाही. फार तर तांबड्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींवर रचलेल्या जरा जास्त आढळतात. पण ते इतर कितीतरी आजारांत होतं.

आणि तरी त्या पेशी धड नसतात. बिघाड त्यांच्या आवरणात असतो, आणि ते इतकं पातळ की आमच्या साध्या मायक्रोस्कोपला त्यातलं काही कळत नाही.

तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद. बारीक केशवाहिन्या पाच मायक्रॉनच्या, काही त्याहूनही अरुंद. म्हणजे डोळ्याच्या पडद्यापर्यंत किंवा मूत्रपिंडात पोचायचं तर तिला दर वेळी अंग चोरून, दुमडून जावं लागतं. हे जमतं, कारण आवरण म्हणजे स्निग्ध पदार्थांचा दुहेरी थर आणि त्याला आतून स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची लवचीक जाळी.

स्नायूत साखर जायला इन्सुलिन लागतं. तांबड्या पेशीत जायला लागत नाही. रक्तात जितकी साखर, जवळपास तितकी आत. ती हिमोग्लोबिनला चिकटते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ती स्पेक्ट्रिनलाही चिकटते. शिवाय ऑक्सिडेशनने आवरणातली स्निग्धाम्लं खवट होतात, सोडियम-पोटॅशियम आत-बाहेर करणारा आवरणातला पंप मंदावतो. पेशी ताठरते. दुरुस्ती? तिला केंद्रकच नाही, नवं प्रथिन बनवायची सोय नाही. बिघडलं ते मरेपर्यंत तसंच.

ताठरपणापेक्षा मला चिकटपणा जास्त वाईट वाटतो. 1981 साली पॅरिसमध्ये वॉतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की मधुमेह्यांच्या तांबड्या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला जास्त चिकटतात, आणि ज्यांच्या रक्तवाहिन्या अधिक बिघडलेल्या त्यांच्यात हा चिकटपणाही अधिक. आधी काय आणि मागून काय, हे तेवढ्यावरून ठरत नाही. पण "साखर रक्तात, मग डोळे कसे जातात?" असं विचारणाऱ्यांना मी याचा दाखला देते. उत्तराचा एक भाग म्हणून. सगळं उत्तर नव्हे.

मग हमखास येणारं: "ही टेस्ट तुमच्याकडे होते का?" नाही. पेशी किती वाकते हे लेसरने मोजणारी यंत्रं आहेत, पण ती मुख्यतः संशोधनाच्या प्रयोगशाळांत. त्या आकड्यावर कुठला डॉक्टर गोळी बदलत नाही. "तांबड्या पेशी मऊ करणारी" पावडर कुणी गळ्यात मारत असेल तर पैसे वाचवा. साखर आटोक्यात ठेवा. नव्या पेशी अस्थिमज्जा करतेच, सेकंदाला 20 लाखांहून जास्त, आणि जुन्या साधारण 120 दिवसांत निघून जातात.

तुमची तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजते, आणि या 120 दिवसांच्याच भरवशावर असते. पेशी लवकर मेली तर साखर चिकटायला पुरता वेळ मिळत नाही आणि रिपोर्ट उगाचच चांगला येतो. सिकलसेलच्या आजारात असं होतं. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल जास्त आढळतो, म्हणून तिकडच्या पेशंटचा आकडा घरच्या ग्लुकोमीटरशी जुळेना, तर मी आधी सिकलसेलच तपासायला सांगते. लोह कमी असलं की उलट, आकडा फुगू शकतो. म्हणून रक्त द्यायला याल तेव्हा लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, हल्ली रक्त चढवलं होतं का, हे काउंटरवर आपणहून सांगा. फॉर्मवर ते बहुधा विचारलेलं नसतं.