आमची वाटचाल: सिलिंडर भरण्यापासून पंपरूमपर्यंत

भोसरीतल्या दहा बाय वीसच्या गाळ्यात मी, माझा चुलतभाऊ आणि एक सेकंडहँड टेम्पो. आग विझवायचे सिलिंडर आणायचे, पावडर बदलायची, प्रेशर भरायचं, तारखेचा स्टिकर लावून परत टांगायचे. एवढाच आमचा धंदा होता.

पुढे लायसन्स मिळालं. महाराष्ट्राच्या 2006च्या आग प्रतिबंधक कायद्यात फॉर्म बी असतो. यंत्रणा चालू आहे असा लायसन्सवाल्या एजन्सीचा दाखला, दर जानेवारी आणि जुलैत. पहिल्याच जुलैत लक्षात आलं की निम्म्या गिऱ्हाइकांना तपासणी नको असते, सहीशिक्का हवा असतो.

एका ऑफिस बिल्डिंगच्या पंपरूमची, म्हणजे आग विझवायच्या पाण्याचे पंप असतात त्या खोलीची, किल्ली सापडायला पाऊण तास गेला. आत पॅनेलचा स्विच ऑटोऐवजी मॅन्युअलवर. का? तर जॉकी पंप, म्हणजे लाइनमधलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप, रात्रीबेरात्री आपोआप सुरू होतो, वॉचमनची झोपमोड होते. अहो, तो सारखा सुरू होतो म्हणजे लाइन कुठेतरी गळतेय! डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली. वरच्या मजल्यावर आगीच्या पाण्याचा पाइप ठेवायच्या होजबॉक्समधलं पितळी नोझल केव्हाच भंगारात गेलेलं, तिथे पोछा आणि फिनेलची बाटली. मॅनेजर म्हणाले, "फॉर्म देऊन टाका, बाकीचं दिवाळीनंतर बघू." दिला नाही. काम गेलं. तशी अजून तीन-चार गेली आणि त्या वर्षी टेम्पोचे हप्ते थकले.

डिसेंबर 2017मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारात आग लागून 14 जण गेले. त्यानंतर दोन महिने आमचा फोन थांबत नव्हता. धंदा अशा कारणाने वाढला, हे लिहितानाही अवघडल्यासारखं होतं. त्या मॅनेजरांचा फोन मात्र आला नाही. सही करणारा कोणीतरी भेटला असणार.

मग तीच गिऱ्हाइकं जनरेटरचं जळकं ऑइल, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), सगळंच विचारू लागली. जळकं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. 90 दिवसांच्या आत ते अधिकृत रिसायकलरकडे, मॅनिफेस्टसकट, म्हणजे माल कुठून कुठे गेला त्याच्या कागदासकट, गेलं पाहिजे. पण भंगारवाला जागेवर रोख मोजतो, त्याच्यापुढे आमचं कोण ऐकतो?

एसटीपीत आमच्याच कामावरचा एक मुलगा जाता जाता वाचला. टाकीतला पंप अडकला होता. सडक्या अंड्यांचा वास आधी येत होता, मग येईनासा झाला, म्हणून गॅस गेला असं समजून त्याने शिडीवर पाय ठेवला. तो सडक्या वासाचा गॅस, हायड्रोजन सल्फाइड, जास्त झाला की नाकच मरतं, हे त्याला मीच सांगितलं नव्हतं. गॅस मीटर महाग म्हणून तीन महिने मी चालढकल केली होती, तो आदल्याच आठवड्यात आला होता. भावाने पोराला मागे ओढलं आणि मीटर दोरीने खाली सोडला. 10 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग गॅस) वाजणारा तो मीटर तिसऱ्या पायरीपाशीच बोंबलायला लागला.

आता टाकीत माणूस उतरत नाही, पंप साखळीने वर येतो. चेन ब्लॉकचे पैसे आम्ही बिलात वेगळे लावतो. त्यावर घासाघीस करणाऱ्याला मी कोटेशनच पाठवत नाही.