अ‍ॅलेक्स डेकोटोची पत्रं: जुळणी कुठवर आली

वहीत आता दोन रकाने झालेत. डावीकडे अ‍ॅलेक्सचं पत्र, उजवीकडे त्या सुमाराची, त्याच्या 49 व्या बटालियनची वॉर डायरी, म्हणजे पलटणीची रोजची अधिकृत नोंदवही. डायरीची स्कॅन केलेली पानं कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात फुकट बघायला मिळतात. अक्षर मात्र कधी कधी डोळे फोडतं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: अलेक्झांडर डेकोटो, कॅनडातल्या क्री या आदिवासी जमातीचा, तिथल्याच एडमंटन शहराचा पोलीस. 1912 साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये 5000 मीटर धावला. 1916 मध्ये, पहिल्या महायुद्धात, आधी कॅनडाच्या सैन्याच्या 202 व्या बटालियनमध्ये भरती झाला, मग 49 व्या बटालियनमध्ये आला.

सध्या मुक्काम सप्टेंबर 1917 च्या पत्रावर, बहिणीला लिहिलेल्या. मोठं विलक्षण पत्र आहे. काही महिने लढाई पाहिली की बहुतेक पोरं दैववादी होतात, असं तो सांगतो. वेळ भरली तर काही केल्या चुकत नाही, मग काळजी कशाला करायची? आणि लगेच कबूल करतो की तोफांच्या माऱ्याने मनाने खचलेलेही बरेच आहेत. बाकीचे कशावरही हसतात.

हे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. साध्या शिपायाचं पत्र त्याच्याच तुकडीचा अधिकारी वाचून मग पुढे पाठवायचा. गावाचं नाव, पलटणीची हालचाल, काहीच लिहायची सोय नाही. ‘हिरवं पाकीट’ म्हणजे शिपायांना खासगी पत्रासाठी अधूनमधून मिळणारं खास पाकीट. ते मिळालं तर पलटणीत पत्र कोणी फोडत नसे, पण तळावर तपासलं जाण्याची टांगती तलवार असायचीच. म्हणून अ‍ॅलेक्स कुठे होता, हे पत्रातून कळत नाही. ते डायरीतून काढावं लागतं. आणि डायरीत नावं येतात ती अधिकाऱ्यांची. बाकीचे सगळे ‘इतर’ म्हणून आकड्यात. तो माणूस म्हणून भेटतो तो डाव्या रकान्यातच.

30 ऑक्टोबरचं पान लावून झालंय. बेल्जियममधलं पाशेंडेल, पहाटे 5.50 ला हल्ला. त्या दिवशी अ‍ॅलेक्स गेला, वय 29. डावीकडचा रकाना तिथे कोराच ठेवलाय. काही जण शोकसंदेश चिकटवतात, मला ते पटत नाही.

आता खंदकांच्या नकाशांवर ठिकाणं बसवायला घेतोय. हिरव्या पाकिटाचा दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो कोणाकडे असेल तर पाठवा, फील्ड पोस्टाचा (लष्करी टपालाचा) शिक्का वाचता येईल असा.