पैसे दिलेच नाहीत, मग खर्च कसला?

परवा पिंपळगावला दादाकडे गेलो होतो. द्राक्षांची गोडी छाटणी जोरात चालू. पुतण्याही पुण्याहून आलेला. गेल्या फेब्रुवारीत नवी नोकरी धरताना त्याने पगार थोडा कमी घेतला, बदल्यात १,२०० ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावात घेण्याचे हक्क (ऑप्शन). तीन वर्षं, दर वर्षी ४०० व्हेस्ट होणार, म्हणजे पक्के त्याचे होणार. त्याची तक्रार वेगळीच होती. "काका, कंपनीच्या बँकेतून रुपया हलला नाही, तरी नफ्यातून खर्च वजा?"

मी दादाकडे वळलो. "बाग बघणाऱ्याला तू रोख कमी आणि मालात वाटा देतोस. म्हणजे तो फुकट राबतो का?"

"फुकट कसला? माझ्या हिश्शातून जातं ना."

झालं. कंपनीचंही तसंच. खर्च नावे टाकायचा, आणि जमा बाजूला देणं नाही, तर भागधारकांच्या निधीतलंच एक खातं.

आकडा ठरतो ऑप्शन दिल्याच्या दिवशी. शेअरचा भाव, एक्सरसाइजची किंमत (ज्या ठरलेल्या भावात शेअर घेता येतो), मुदत, भावातली चढउतार, व्याजदर, लाभांश हे सगळं ब्लॅक-शोल्ससारख्या ऑप्शनचं मूल्य काढायच्या सूत्रात घालायचं. पूर्वी बाजारभाव वजा एक्सरसाइज किंमत एवढाच फरक धरायची मुभा होती. बाजारभावानेच ऑप्शन दिला की खर्च शून्य! मोठ्या कंपन्यांसाठी २०१६ पासून इंड एएस १०२ हे हिशेबाचं मानक आलं आणि ती पळवाट बुजली. बरंच झालं.

मी मात्र पहिल्याच वर्षी आपटलो. नाशिकच्या अंबडमधल्या ज्या कारखान्याचे हिशेब मी बघायचो, तिथे तेव्हा असेच १,२०० ऑप्शन माणशी होते, प्रत्येकी मूल्य ९० रुपये धरा. एकूण १,०८,०००. मी सरळ तीनने भागून वर्षाला ३६,००० लावले. ऑडिटरने त्यावर लाल गोल मारला. प्रत्येक हप्ता स्वतंत्र धरायचा असतो: पहिला एका वर्षात, दुसरा दोन वर्षांत, तिसरा तीन वर्षांत. म्हणजे पहिल्या वर्षी ३६ अधिक १८ अधिक १२, तब्बल ६६ हजार. मग ३० आणि शेवटी १२. मार्चअखेर, रात्री दहाला पुन्हा एक्सेल उघडून बसलो होतो. (घरच्यांना अजून वाटतं मी मित्रांसोबत होतो.)

"आणि भाव पडला तर?" पुतण्या.

"एक्सरसाइज किमतीच्या खाली गेला, तर तुला शून्य. पण खर्च तसाच राहतो, कारण तुझं काम कंपनीने घेतलेलं असतं. तू व्हेस्टिंगआधी सोडून गेलास तर मात्र तेवढा खर्च उलटवतात."

तो गप्प झाला. दुसरीकडे मुलाखती देतोय, हे वहिनीने मला आधीच सांगितलं होतं.

दादाने कात्री पुसत विचारलं, "पहिला हप्ता कधी पडतो?"

"फेब्रुवारीत."

"मग द्राक्षं निघेपर्यंत थांब."