सरवा

परवा थ्रेशर येऊन गेला. परतीच्या पावसाने शेंगा काळ्या पडल्या होत्या, त्यामुळे उतारा बेताचाच आला. 2024-25 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये, पण व्यापारी ओलाव्याचं कारण काढून बराच खाली मागतो. कृषी केंद्राची उधारी आहे, तुरीची फवारणी बाकी आहे. तरी रात्री आम्ही दोघांनी प्रार्थना करून ठरवलं: दशमांश, म्हणजे देवाचा दहावा हिस्सा, आधी बाजूला काढायचा, आणि रानातला सरवा, म्हणजे कापणीनंतर खाली सांडलेलं धान्य, आपण वेचायचा नाही.

बायबलच्या लेवीय पुस्तकात, 19 व्या अध्यायात, देवाने स्पष्टच सांगितलं आहे. शेताचे कोपरे पुरते कापू नको, खाली पडलेलं वेचू नको. ते गरिबाचं आणि परक्याचं. रूथ अशीच परक्या मुलखातली, विधवा. बवाजाच्या शेतात सरवा वेचूनच तिने सासूला जगवलं. पुढे दावीद राजा तिच्याच वंशात आला, पण सरवा सोडताना बवाजाला याची काय कल्पना असणार!

आज सकाळीच पोडावरच्या, म्हणजे जवळच्या आदिवासी वस्तीतल्या, बाया आल्या. "वयनी, सरवा येचू का?" म्हटलं, "येचा बाई, पन तुरीले जपा." त्यांच्यातली म्हातारी उकिडवी बसली. कापलेल्या सोयाबीनचे खुंट सुईसारखे टोचतात, म्हणून एका हाताने ते बाजूला दाबायचे आणि दुसऱ्या हाताची बोटं काळ्या मातीच्या भेगेत घालून दाणा काढायचा. मग फुंकर मारून तो ओटीत. दुपारपर्यंत तिचं छोटं टोपलं भरलं. आमच्या पोत्यांच्या थप्पीपुढे ते काहीच नाही, तिच्या घरी मात्र तेवढ्यात आठवड्याचं तेल-मीठ येईल.

धुऱ्यापलीकडचे भाऊजी म्हणाले, "सवय लावून राह्यले तुमी लोकायले." तूर तुडवली जाते हे त्यांचं म्हणणं खरंच आहे, म्हणून मी उन्हाची तासभर धुऱ्यावर उभी राहिले. पण देवाने सांगितलेलं करायला भाव चांगला मिळेल त्या वर्षाची वाट पाहायची, हे मला पटत नाही.

बायबलमधली सारफथ गावची विधवा सारखी डोळ्यांपुढे येते. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल, आणि देवाचा संदेष्टा एलीया म्हणतो, आधी माझ्यासाठी लहानशी भाकर कर. आधी! लेकराच्या तोंडचा घास होता तो. तिने केली. त्यानंतर तिचं घर धान्याने भरलं असं 1 राजे 17 मध्ये कुठेच लिहिलेलं नाही. पीठ सरलं नाही, तेल आटलं नाही, एवढंच. म्हणजे रोज सकाळी मडक्यात हात घालताना तिला पुन्हा विश्वास ठेवावा लागला असेल. "शंभर द्या, देव हजार देईल" असा उपदेश कानावर आला की मला फार वाईट वाटतं. देवाशी सौदा कशाला? तो बाप आहे. त्याने आजची भाकर दिली, उद्याचीही देईल, एवढ्या भरवशावर मी हात मोकळा ठेवू शकते.

फवारणीचं औषध उधारीवर मिळतं का, हे सोमवारी विचारायचं आहे. आणि पोडावर निरोप धाडायचा आहे: नाल्याकडची पट्टी वेचायची राहिली, आभाळ आलंय, उद्या लवकर या.