मिसळ, ढेकर आणि चुकलेला ठोका

रविवारी सकाळी गंगापूर रोडला झणझणीत मिसळ आणि वर एखादा पाव जास्तीचा, हा नाशिककरांचा शिरस्ता मलाही सोडवत नाही. मात्र घरी येऊन डाव्या कुशीवर आडवे झाले की पोट तट्ट फुगते आणि एखादा ठोका चुकून पुढचा धाडकन आदळल्यासारखा वाटतो. ढेकर आला की बहुधा थांबते, आणि "गॅस झालाय" म्हणून घरची मंडळी मोकळी होतात.

या समजुतीला शरीररचनेचा आधार आहे. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या कर्णिकेला, म्हणजे वरच्या कप्प्याला, अगदी लागून मागून जाते, फुगलेले जठर श्वासपटलाला वर रेटते, आणि व्हेगस ही चेता जठर व हृदय या दोहोंना पोहोचत असल्यामुळे पोटातील खळबळ ठोक्यांच्या लयीवर उमटू शकते. जर्मन डॉक्टर लुडविग रोमहेल्ड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस याचे वर्णन केले.

जुलाबांत पोटॅशियम घटले तरी लय बिघडते. ओमेप्राझोलच्या वर्गातील आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मॅग्नेशियम घटून लय बिघडू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये दिला होता. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणाऱ्यांना तो कोण सांगणार?

हृदयविकाराचा झटकाही कधी निव्वळ अपचनासारखा भासतो. म्हणून भोवळ, दम किंवा छातीवर दाब असेल, तर सोडा पीत न बसता तातडीने रुग्णालय गाठून ईसीजी काढावा. एरवी ठोके चुकत असताना ईसीजी निघेलच असे नाही, त्यामुळे डॉक्टर २४ तासांचा होल्टर, म्हणजे सलग ईसीजी नोंदवणारे अंगावरचे छोटे यंत्र, लावतात. त्या दिवशी जेवणाच्या वेळा लिहून ठेवाव्यात आणि नेहमीचेच खावे.